फर्मीच्या डेटातून जीआरबीचे जीईव्ही फोटॉन कसे शोधायचे

दूरच्या अवकाशात अचानक होणाऱ्या गॅमा किरणांच्या स्फोटाचं, म्हणजे गॅमा-रे बर्स्ट किंवा जीआरबीचं, हाय एनर्जी उत्सर्जन बघायला स्वतःची दुर्बीण लागत नाही. गॅमा किरण वातावरणातून खाली पोचतच नाहीत, त्यामुळे ते बहुतेक वरूनच बघावे लागतात, आणि तिथे जून २००८ पासून नासाची फर्मी ही अवकाश दुर्बीण फिरतेय, जिचा डेटा काही तासांत सगळ्यांसाठी खुला होतो, अगदी फुकट. आपल्याला फक्त एक बरा लॅपटॉप, थोडं पायथन आणि संयम लागतो.

फर्मीवर दोन उपकरणं आहेत. जीबीएम (गॅमा-रे बर्स्ट मॉनिटर) साधारण ८ केईव्ही ते ४० एमईव्ही बघतं (ही फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, एनर्जीची एककं: हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही, हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही) आणि पृथ्वीआड नसलेलं सगळं आकाश त्याच्या टप्प्यात असतं, त्यामुळे वर्षाला दोनशेच्या वर स्फोट पकडतं. लॅट (लार्ज एरिया टेलिस्कोप) २० एमईव्हीपासून ३०० जीईव्हीच्या पुढेपर्यंत जातं पण एका वेळी आकाशाचा फक्त पाचवा भाग बघतं. पहिल्या दहा वर्षांत लॅटला मिळालेले जीआरबी १८६. म्हणजे जीबीएमने पकडलेला कुठलाही स्फोट उचलून लॅटमध्ये शोधलात तर बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही, म्हणून सुरुवात ठरलेल्या दमदार स्फोटावरच करा. माझ्या मते त्यासाठी जीआरबी १३०४२७ए इतका चांगला दुसरा नाही.

हा २७ एप्रिल २०१३ ला ०७:४७ यूटीसीला आला, म्हणजे आपल्याकडे दुपारचे सव्वा वाजून गेले होते. रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणावरून कळणारं अंतराचं माप) ०.३४, म्हणजे जीआरबीच्या मानाने जवळचाच. जीबीएमच्या यादीत त्याचा नंबर १३०४२७३२४ असा दिसेल, शेवटचे तीन आकडे म्हणजे दिवसाचा किती हजारावा भाग उलटला होता ते, हे कळलं की यादी वाचणं एकदम सोपं होतं.

आता कामाला लागू. आधी कोंडा (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) वापरून फर्मीटूल्स हे फर्मीचं सॉफ्टवेअर टाका. मग फर्मी सायन्स सपोर्ट सेंटरच्या लॅट डेटा सर्व्हरवर जाऊन स्फोटाची आकाशातली जागा म्हणून राइट असेन्शन १७३.१४, डेक्लिनेशन २७.७० अंश, त्रिज्या १५ अंश आणि एनर्जी १०० एमईव्ही ते ३०० जीईव्ही अशी मागणी टाका. वेळ ट्रिगरच्या (जीबीएमने स्फोट पकडला त्या क्षणाच्या) थोडं आधीपासून पूर्ण एक दिवसाची घ्या, पाच मिनिटांची नको, का ते खाली येईलच. फोटॉनच्या फाइलबरोबर स्पेसक्राफ्ट फाइलही (फर्मी कुठे होती, कुठे बघत होती त्याची नोंद) हवी आणि एक्स्टेंडेड डेटा निवडायला विसरू नका, कारण छोट्या वेळासाठी लागणारा ट्रान्झियंट क्लास (सैल गाळणीतून आलेले फोटॉन) त्यातच असतो. फर्मी वेळ १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत मोजते, त्याला एमईटी म्हणतात, सगळी गणितं त्यातच करा नाहीतर गोंधळ होतो.

पुढे फर्मीटूल्समधल्या जीटीसिलेक्टने १० ते १२ अंशांचं वर्तुळ आणि झेनिथ अँगल (फर्मीच्या डोक्यावरच्या दिशेपासूनचा कोन) १०० अंशांपर्यंत असा कट लावा. हा झेनिथवाला कट महत्त्वाचा आहे, कॉस्मिक किरण पृथ्वीच्या वातावरणावर आदळून तिथूनही भरपूर गॅमा किरण निघतात आणि तेच तुम्ही स्फोटाचे समजून बसाल. मग जीटीएमकेटाइमने उपकरण नीट चालू होतं तो चांगला वेळ तेवढा ठेवा. सुरुवातीच्या काही मिनिटांसाठी ट्रान्झियंट क्लास चालतो कारण तेवढ्या वेळात बॅकग्राउंड जमायला सवडच मिळत नाही, तासांच्या विश्लेषणाला मात्र सोर्स क्लासच (कडक गाळणीतून आलेले फोटॉन) घ्या.

आता खरी मजा. प्रत्येक फोटॉनची वेळ आडव्या अक्षावर, एनर्जी उभ्या अक्षावर टाकून साधा ग्राफ काढा, लाइट कर्व्हच्या (वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या ग्राफच्या) आधी हाच काढा. केईव्हीतला मुख्य भडका पहिल्या काही सेकंदांतला असतो पण जीईव्ही फोटॉन त्यानंतरही येतच राहतात: १९ व्या सेकंदाला ७३ जीईव्हीचा, २४४ व्या सेकंदाला ९५ जीईव्हीचा, आणि साडेनऊ तास उलटल्यावर ३२ जीईव्हीचा एक! लॅटला हा स्फोट जवळजवळ २० तास दिसत होता. म्हणूनच पूर्ण दिवसाचा डेटा घ्यायला सांगितलं. ९५ जीईव्हीचा फोटॉन इतक्या उशिरा आला की नेहमीच्या सिंक्रोट्रॉन उत्सर्जनातून (चुंबकीय क्षेत्रात वळणारे वेगवान इलेक्ट्रॉन जे किरण सोडतात त्यातून) तो कसा निघाला हे सांगणं अवघड जातं, आणि एका फोटॉनने सिद्धांताला असा प्रश्न विचारावा हे मला आजही थक्क करतं.

साधारण ७०० सेकंदांनंतर ग्राफ एकदम रिकामा होईल. स्फोट संपलेला नसतो, तो पृथ्वीआड गेलेला असतो, फर्मी दीड तासात एक फेरी मारते त्यामुळे असे खड्डे पुन्हा पुन्हा येतात. एक्स्पोजर (लॅटने त्या दिशेला किती बघितलं ते) न बघता त्या खड्ड्यांवरून कुठलाही निष्कर्ष काढू नका.

आणि प्रत्येक फोटॉनला विचारा की बाबा तू नक्की स्फोटाचाच का. १०० एमईव्हीला लॅटची दिशा साधारण ५ अंशांनी चुकू शकते, १ जीईव्हीला एका अंशाच्या आत येते, १० जीईव्हीच्या वर दशांश अंशाच्या आसपास, म्हणजे कमी एनर्जीचा फोटॉन शेजारच्या सोर्सचाही असू शकतो. त्यासाठी मॉडेल डेटाशी जुळवणारं जीटीलाइक चालवा, मॉडेलमध्ये स्फोटासाठी पॉवर लॉ (एनर्जी वाढेल तसे फोटॉन ठरावीक घाताने कमी होतात असं सूत्र) आणि सोबत गॅलॅक्टिक (आपल्या आकाशगंगेतलं) व आयसोट्रॉपिक (सगळ्या दिशांनी सारखं) बॅकग्राउंड ठेवा. टीएस (सोर्स असल्याचा पुरावा किती भक्कम ते सांगणारा आकडा) २५ च्या वर गेलं तर सोर्स खरा मानतात. मग जीटीएसआरसीप्रॉब प्रत्येक फोटॉन स्फोटाचाच असण्याची शक्यता काढून देतं, ०.९ च्या खालचे फोटॉन मी तरी मोजत नाही. हे सगळं एका खिडकीत करायचं असेल तर जीटीबर्स्ट आहे, पण पहिल्यांदा हाताने करा, कुठला कट काय काढून टाकतो ते तेव्हाच कळतं.

२०१५ नंतरचा स्फोट घेतलात तर अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने तो पकडलाय का हेही बघा, त्यांची जीआरबीची यादी पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेकडे असते. ते उपकरण केईव्हीतलं आहे, पण तेजस्वी स्फोटांचं पोलरायझेशन (किरणांच्या कंपनांची दिशा) मोजतं, जे लॅटला जमत नाही.

हे जमलं की १० मे २००९ चा जीआरबी ०९०५१० घ्या. तो छोटा, म्हणजे थोडाच वेळ टिकलेला, स्फोट आहे, ३१ जीईव्हीचा फोटॉन एका सेकंदाच्या आतच येतो, तिथे वेळेची विंडो सेकंदाच्या भागांत कापावी लागते. ९ ऑक्टोबर २०२२ च्या २२१००९ए ला मात्र एवढ्यात हात लावू नका, तो इतका प्रखर होता की मुख्य भडक्यात फर्मीची दोन्ही उपकरणं गुदमरली, तेवढा वेळ डेटातून वगळायचा असतो आणि नेहमीची रेसिपी तिथे चुकीचं उत्तर देते.