लेऑफनंतरची तयारी, आणि वहीतला शेवटचा रकाना

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या टीममधल्या अकरा जणांना एकाच दुपारी घरी पाठवलं. ती संध्याकाळी माझ्याकडे आली, तिला आधी पोहे खायला घातले आणि मग ही यादी सांगायला बसले. दोन वर्षांपूर्वी हिंजवडीत माझ्यावर हीच वेळ आली होती. तेव्हा आपण सगळं शिस्तीत करतोय असं मला वाटत होतं. एक गोष्ट राहिली, आणि तिच्यापायी मी निदान दोन महिने जास्त घरी बसले. ती गोष्ट पुढे येईलच, आणि पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आधी कागदपत्रं. रिलिव्हिंग लेटर, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन (खात्याचा नंबर). हे सगळ्यांना माहीत असतं. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचं विचारा, लाजू नका. मेडिक्लेमचं मात्र त्याच दिवशी बघा, कारण कंपनीची पॉलिसी साधारणपणे नोकरीबरोबरच संपते आणि तिच्यात आई-वडीलही असतात. नवी पॉलिसी घेतली तर पहिले ३० दिवस अपघात सोडून बाकी आजारपणाचा क्लेम मिळत नाही, आणि आधीपासूनच्या दुखण्यांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. शेवटच्या दिवसाच्या आत एचआरला तेवढं विचारून घ्या, नंतर त्यांचा फोन लागत नाही.

लॅपटॉप बंद व्हायच्या आत लोकांचे खाजगी नंबर घ्या. टीम्सवरची, म्हणजे ऑफिसच्या चॅटवरची, माणसं टीम्सवरच राहतात. आठ वर्षं शेजारी बसलेल्या मुलीचं आडनाव मला तिच्या ईमेल आयडीवरून माहीत होतं आणि आयडी गेल्यावर आडनावही गेलं. कंपनीचा कोड किंवा क्लायंटच्या फायली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. कंपनीकडून यायचा हिशोबही अडकतो.

आता वही. हो, कागदाची. एक्सेल चालेल, पण मला एक्सेल उघडलं की ऑफिसची आठवण येऊन रडू यायचं. रकाने असे: कंपनी, पद, लीड (म्हणजे जागेची खबर) कुणी दिली, रेझ्युमे कधी गेला, पुढे काय झालं, आणि शेवटचा, ‘कळवलं का?’ माझ्या पहिल्या वहीत पाचच रकाने होते. सहावा नव्हता. तेच नडलं.

लोकांची यादी करताना जवळच्यांपाशी थांबू नका. जवळच्यांना तेच माहीत असतं जे तुम्हाला माहीत असतं, आणि लेऑफच्या महिन्यात तर ते स्वतःच घाबरलेले असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली बोस्टनजवळच्या एका उपनगरातल्या लोकांबद्दल हेच लिहिलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची ती ओळख नेहमी भेटणारी होती असे जेमतेम १७ टक्के निघाले. निम्म्याहून जास्त जणांना नोकरी कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, आणि २८ टक्क्यांना वर्षात एखाद्या वेळीच किंवा तेवढंही न भेटणाऱ्याकडून. हा अभ्यास मी नंतर वाचला. आधी अनुभव घेतला: माझी आत्ताची नोकरी ढोल-ताशा पथकातल्या एका ताशावाल्याकडून कळली. तो बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे हे मला तीन गणपती होईपर्यंत माहीतच नव्हतं. तेव्हा पथक, सोसायटीचा ग्रुप, मुलांच्या शाळेच्या गेटवरच्या आया, कंपनीच्या बसमध्ये भेटायचे ते, दोन नोकऱ्यांआधीचा मॅनेजर, सगळे यादीत घ्या. लाज वाटते, मान्य. एका फोनपुरती वाटते.

मेसेज कसा करायचा? ‘काही असेल तर सांग ना’ असा नाही. ‘काही’ म्हणजे काय, हे समोरच्यानं का शोधायचं? पद, किती वर्षं, कशात (माझं ऑटोमेशन टेस्टिंग), कुठलं शहर, पगाराची अपेक्षा, आणि ठळकपणे, लगेच जॉइन होऊ शकते. पुण्यात नव्वद दिवसांच्या नोटिशीवाले ढिगानं आहेत, तुमच्याकडे आत्ता एवढाच हुकमाचा पत्ता आहे. खाली इंग्रजीत चार ओळी अशा लिहा की त्या माणसाला जशाच्या तशा पुढे ढकलता येतील. रेझ्युमेच्या फाइलला नाव-आडनाव द्या. ‘फायनल फायनल २’ या नावाची फाइल मी स्वतः एका डायरेक्टरला पाठवली आहे.

आता रेफरलचे, म्हणजे ओळखीच्यानं स्वतःच्या कंपनीत तुमचं नाव देण्याचे, नियम. आधी माणसाला विचारा, मग पोर्टलवर हात लावा. एकदा तुम्ही स्वतः अर्ज केलात की बऱ्याच कंपन्यांत तुमचं प्रोफाइल आधीच सिस्टिममध्ये दिसतं आणि त्याचा रेफरल बाद होतो. त्याचा बोनसही जातो आणि उत्साहही. दोन कन्सल्टन्सींना एकाच पदासाठी हो म्हणू नका, दोन्हीकडून नाव गेलं की कंपनी भांडणात पडत नाही, नाव काढून टाकते. जॉब आयडी तुम्हीच शोधून द्या. आणि त्या माणसानं नाव टाकलं की त्याच रात्री वहीत लिहा. सहावा रकाना कोरा ठेवून लिहा, म्हणजे तो डोळ्यांत खुपेल.

तर तो रकाना. जुन्या टीममधल्या एका दादानं खराडीतल्या त्याच्या कंपनीत माझं नाव दिलं होतं. दोन राउंड छान झाले. तेवढ्यात दुसरीकडची ऑफर पक्की वाटायला लागली म्हणून तिसऱ्या राउंडला मी गेलेच नाही. एचआरला मेल टाकला. दादाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, ‘ऑफर लेटर हातात आलं की सांगू, तेव्हा पेढेच नेऊ’ असं मनात होतं. इकडे त्याला कँटीनमध्ये हायरिंग मॅनेजरनं विचारलं, तुमची कँडिडेट का नाही आली? त्याला पत्ताच नव्हता. मग माझी ती पक्की ऑफर ‘होल्ड’वर गेली. पुढच्याच महिन्यात दादाच्या स्वतःच्या टीममध्ये ऑटोमेशनच्या तीन जागा निघाल्या, आणि हे मला कळलं त्या भरल्यावर, तिसऱ्याच माणसाकडून. मी फोन केला. दादा नीट बोलला, घरच्यांची चौकशी केली, अजिबात रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून कळवा. इंटरव्ह्यूची तारीख मिळाली, कळवा. राउंडमध्ये नापास झालात, कळवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दोन आठवडे उत्तरच नाही, तर ‘अजून काही आलं नाही’ एवढंच कळवा. कधी कधी त्या एका ओळीवरूनच तो आत जाऊन विचारून येतो. तुम्ही माघार घेतलीत तर सगळ्यात आधी त्याला कळवा, एचआरला नंतर.

एकत्र निघालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा. तिथे आपल्याला न जमणाऱ्या लीड टाका. जमणारी लपवून ठेवायची का? एखादा दिवस ठेवलीत तर मी काही म्हणणार नाही, मीही ठेवली होती. पण जागा भरल्याचं समजलं की तेही ग्रुपवर कळवा, नाहीतर अकरा जण मेलेल्या लिंकवर रात्री घालवतात. सुप्रभातची फुलं नकोत. रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा कुणीही आला तर ती लीड नाही, फसवणूक आहे. अशा वेळी पैसे देणारे मूर्ख नसतात, मेटाकुटीला आलेले असतात, म्हणून ग्रुपवर मोठ्यानं सांगा.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल दर दोन-चार दिवसांनी थोडं बदला, ताजं दिसतं. इंटरव्ह्यूची तयारी यूट्यूबवर भरपूर आहे, ते सांगत बसत नाही. संदर्भासाठी कुणाचं नाव देण्याआधी त्याला विचारा. निवड झाल्याचं तोंडी सांगितलं तरी लेखी येईपर्यंत बाकीचे राउंड सोडू नका. मी काय केलं ते वर वाचलंतच.

लेखी ऑफर आली, पगार वाचला, घरी सांगितलं. आता वही उघडा. ज्या ज्या ओळीत शेवटचा रकाना कोरा आहे, त्या माणसाला आज फोन करा, मेसेज नाही, फोन. ज्यांची लीड फुकट गेली त्यांनाही. लिंक्डइनवरची पोस्ट उद्या टाका.