जांभळा रंग येतच नाही? फेरेट बनवताना या चुका टाळा

कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) लोखंडाचा ॲनोड, म्हणजे धन टोक, लावलाय, फेरेटचा (लोखंडाच्या +६ ऑक्सिडेशन अवस्थेतल्या संयुगाचा) जांभळा रंग यायला हवा आणि येतायत नुसते बुडबुडे, असं झालं की बहुतेक जण आधी व्होल्टेज वाढवतात. तसं करू नका. बुडबुडे म्हणजे करंट लोखंडाला +६ पर्यंत न्यायच्या ऐवजी ऑक्सिजन काढण्यात चाललाय, व्होल्टेज वाढवलं की ऑक्सिजनच वाढणार, वर द्रावण तापणार.

खरी गडबड ॲनोडच्या पृष्ठभागावर असते. लोखंडावर ऑक्साइडचा थर बसतो आणि खालचा धातू विरघळायचाच थांबतो. एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, मग त्याच सेलमध्ये थोडा वेळ उलटा करंट देऊन लोखंडाला कॅथोड (ऋण टोक) करा आणि लगेच रन सुरू करा, घासून उद्यासाठी ठेवलेली पट्टी परत तशीच होते.

दुसरं म्हणजे कॉस्टिक पातळ. साधारण १४ मोलर (एक लिटर द्रावणात १४ मोल) सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, आणि इथे फार जण फसतात, एक लिटर पाण्यात ५६० ग्रॅम टाकतात पण आकारमान लिटरच्या वर जातं आणि हातात येतं जेमतेम साडेबारा मोलर. ५६० ग्रॅम विरघळवून, थंड करून, मग एक लिटरपर्यंत भरायचं. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं टाका, भयंकर तापतं, गॉगल आणि ग्लोव्हज हवेतच, भांडं पॉलिप्रॉपिलीनचं घ्या कारण इतकं कडक कॉस्टिक काच खातं.

स्टेनलेस स्टीलचा ॲनोड तर अजिबात नको, क्रोमियम विरघळून पिवळं क्रोमेट होतं, ते विषारी, आणि त्याची विल्हेवाट लावणं हे वेगळंच काम होऊन बसतं. जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फने १८४१ मध्ये हे फेरेट साध्या लोखंडाच्या ॲनोडवरच पाहिलं होतं.

रंग येऊन परत फिका पडत असेल तर कॅथोडकडे बघा, तयार झालेलं फेरेट तिथे जाऊन रिड्यूस होतं, म्हणून मधे मेम्ब्रेन लावा. तिथून हायड्रोजनही निघतो, खोली हवेशीर ठेवा.

गाळायला फिल्टर पेपर वापरू नका, फेरेट कागदालाच ऑक्सिडाइज करतं आणि वर तपकिरी गाळ राहतो. फेरेट किती झालं हे बघायला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रकाश शोषणाचं रीडिंग ५०५ नॅनोमीटरला घ्या, पण नुसत्या पाण्याने डायल्यूट करू नका, कॉस्टिकनेच करा, नाहीतर क्युव्हेटमध्येच (नमुना ठेवायच्या छोट्या नळीत) ऑक्सिजन सुटून रीडिंग घसरत जातं.