पाळीव पक्ष्याच्या चोचीला इजा झाली? या चुका टाळा

बजी, कॉकटील किंवा लव्हबर्डच्या चोचीला मार लागला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष चोचीवर खिळतं. कोणी हळद आणतं, कोणी तोंड उघडून आत बघतं, कोणी मोबाईलवर उपाय शोधतं. या गडबडीत सकाळपासून पक्ष्याच्या पोटात दाणाही गेलेला नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. बजीचं वजन जेमतेम 30 ते 40 ग्रॅम असतं आणि एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा असा नसतोच. एक दिवस उपाशी राहिला तरी त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून जखमेइतकीच, कित्येकदा जखमेपेक्षाही जास्त काळजी उपासमारीची आणि गारठ्याची करायला हवी.

रक्त थांबवताना

आधी पंखा बंद करा, खिडक्या लावा, मगच मऊ रुमालाने पक्षी धरा. छाती आवळून धरणं ही सर्रास होणारी आणि जीवघेणी चूक आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. त्याच्या छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते. डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच धरा, छाती मोकळी ठेवा.

चोचीच्या टोकातून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं हलका दाब द्या. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त असतं, म्हणजे 35 ग्रॅमच्या बजीत सुमारे साडेतीन मिलिलिटर. चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही! तेव्हा आठ-दहा थेंब गेले तरी ते थोडे समजू नका. रक्त थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून दवाखान्याकडे निघा.

जखमेत हळद भरू नका. नाकपुड्या चोचीच्या अगदी वर असतात, पूड थेट श्वासात जाते, शिवाय डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. डेटॉल नको. खोबरेल तेल किंवा चिकट मलमही नको, कारण त्याने पिसं चिकटतात, अंगाची ऊब जाते आणि पिसं साफ करताना ते सगळं पोटात जातं. माणसांची वेदनाशामक गोळी ‘अगदी कणभर’ म्हणूनही देऊ नका. आणि इन्स्टंट ग्लू तर घरात कुठे आहे तेही विसरा. डॉक्टर काही वेळा तडकलेली चोच विशिष्ट पदार्थाने सांधतात, पण आधी ती साफ करून, संसर्ग नाही ना हे पाहून. घरी फट चिकटवली की घाण आतच कोंडली जाते.

‘नखासारखी आहे, येईल परत’

हे अर्धंच खरं आहे. चोचीचं वरचं आवरण नखाच्याच द्रव्याचं असतं आणि बुडापासून वाढत राहतं. पण त्याखाली हाड आहे, आणि हाड व आवरण यांच्यामध्ये रक्तवाहिन्या आणि नसा. म्हणूनच चोचीची जखम ठणकते. नुसतं टोक किंचित तुटलं असेल तर काही आठवड्यांत ते भरून येतं. चोच बुडाशी फाटली, हाड मोडलं किंवा वाढीची जागाच चेचली गेली, तर चोच वाकडी वाढते किंवा वाढतच नाही.

वरची चोच हलते आहे, दोन्ही भाग नीट मिटत नाहीत, नाकपुडीतून रक्त येतं आहे किंवा तडा बुडापर्यंत गेला आहे, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांजराने पकडलं असेल तर जखम टाचणीएवढी असली तरी थांबू नका. मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला फार लवकर संपवतात आणि वेळेत प्रतिजैविक मिळणं हाच उपाय असतो.

‘खातोय की तो!’

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. दुखणं लपवणं हा पक्ष्यांचा स्वभाव आहे. जखमी बजी वाटीपाशी जातो, दाणे उचलतो, टाकतो, परत उचलतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, छान जेवतोय. प्रत्यक्षात दाणा सोलायची ताकद चोचीत नसते.

वाटीतली चिमूट तळहातावर घ्या आणि हलकी फुंकर मारा. टरफलं उडून जातील, अख्खे दाणे हातावर राहतील. टरफल उडालंच नाही तर पोटात काही गेलेलं नाही. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घाला आणि विष्ठा बघा. ती अगदी थोडी, काळपट हिरवी किंवा नुसतीच पांढरी असेल तर पक्षी उपाशी आहे. रोज सकाळी, खाण्याआधी, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. 35 ग्रॅमचा बजी 32 ग्रॅमच्या खाली आला की डॉक्टरांना फोन करा, उद्याची वाट पाहू नका.

खायला मऊ द्या: भिजवून ठेचलेलं राळं आणि बाजरी, उकडलेल्या अंड्याचा बलक, बिनमिठाचा मऊ भात, उकडून कुस्करलेला मका. हे पदार्थ आपल्या हवेत दोन-तीन तासांत आंबतात, म्हणून थोडं थोडं ताजं घाला. पाण्याची बाटली लावलेली असेल तर ती काढून उथळ वाटी ठेवा.

स्वतःहून खात नाही म्हणून ड्रॉपरने तोंडात पाणी किंवा पेज ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं थेट फुप्फुसात जाऊ शकतं. हाताने भरवायचं झालं तर ते डॉक्टरांकडून समोर शिकून घ्या.

जागा आणि ऊब

जखमी पक्षी फुगून, पिसं फुलवून बसला असेल तर तो नुसता झोपलाय असं समजू नका, त्याला गारठा लागलेला असू शकतो. एसी आणि पंख्यापासून दूर, 28 ते 30 अंशांच्या आसपास ऊब ठेवा. दिवा पिंजऱ्याच्या बाहेर आणि एकाच बाजूला लावा, म्हणजे जास्त गरम झालं तर त्याला सरकता येईल. दांडी तळाशी, झोपाळा आणि लाकडी खेळणी बाहेर. चोच घासायला लावलेला पांढरा समुद्रफेसही सध्या काढा. जोडीदाराला वेगळं करा, कारण रक्त दिसलं की दुसरा टोचतो. पण तो नजरेसमोर असू द्या, एकटं पडलेला पक्षी खाणं सोडतो.

डॉक्टर कोण?

तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींचाच राबता असतो, म्हणून निघण्याआधी ‘पिंजऱ्यातले पक्षी बघता का?’ हे फोनवर विचारा. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर यांपैकी एखादं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथेही चौकशी करा.

घरात आपला हिरवा देशी पोपट असेल तर अडचण वेगळी असते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळता येत नाही, आणि त्या भीतीने लोक जखमी पोपटाला दडवून ठेवतात. तसं करू नका. त्याच्या जिवाचं मोल त्या भीतीपेक्षा मोठं आहे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

बरं वाटू लागल्यावर

चोच वाकडी किंवा लांब वाढू लागली तर नेलकटर लावू नका. आतली रक्तवाहिनी टोकाच्या बरीच जवळ येते आणि एका चुकीच्या कापाने सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चोच घासून आकारात आणणं डॉक्टरांचं काम आहे, काही पक्ष्यांना ते आयुष्यभर लागतं. चोचीच्या बुडाशी स्पंजासारखी भोकं असलेली खपली दिसली तर ती जुनी जखम नसून खरजेच्या किडीचा त्रास असू शकतो. त्याचं औषध वेगळं असतं.

पिंजऱ्यात परत सोडण्याआधी मार कशाने लागला ते शोधाच. पक्षी बाहेर असताना छताचा पंखा बंद हवा आणि खिडकीच्या काचेवर पडदा हवा. लव्हबर्ड आणि बजी एका पिंजऱ्यात ठेवू नका, लव्हबर्ड चोचीवरच चावतो. बजीसाठी पिंजऱ्याच्या तारांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको आणि वाकलेली तार एकही नको.