कुंडीतला वाफसा मोजायचा कसा?

शेतकऱ्याला वाफसा शिकवावा लागत नाही. पाऊस उघडतो, जादा पाणी झिरपून जातं, मातीत ओल राहते पण पाय रुतत नाही, की तो कामाला लागतो. गच्चीवर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), पर्लाइट (फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे), गांडूळखत कालवणारे आपण मात्र पाकिटावरचं ‘भुसभुशीत’ वाचून खूश होतो. वाफसा कुंडीतही असतो, आणि वजनकाटा नि मापाचं भांडं घरात असेल तर तो मोजताही येतो.

आधी मिश्रण करा. घटक मापाने घ्या, वजनाने नको. १० लिटर भिजवलेलं कोकोपीट आणि ५ लिटर गांडूळखत एकत्र केलं तर १५ लिटर भरत नाही. एक वाटी हरभरे आणि एक वाटी रवा मिसळून बघा, दोन वाट्या होत नाहीत; रवा हरभऱ्यांच्या फटींत जाऊन बसतो. मिश्रणात त्या फटी म्हणजेच मुळांची हवा. म्हणून दोन घटकांच्या गुणांची सरासरी काढून काही कळत नाही, तयार मिश्रणच मोजावं लागतं.

आता २ लिटरच्या आसपासची प्लॅस्टिकची कुंडी घ्या आणि आत काठाखाली एक खूण करा. भोकांवर बाहेरून चिकटपट्टी लावून खुणेपर्यंत पाणी भरा आणि ते मोजून ठेवा. हे एकूण आकारमान. पट्टी काढा, ओलसर मिश्रण भरा, कुंडी दोन-तीनदा हलकेच आपटा. दाबू नका, दाबलं की फटी गेल्या. एकदा पाणी द्या, मिश्रण खाली बसेल; खुणेपर्यंत भर घाला.

तळ पुसून भोकं पुन्हा बंद करा. कडेने अगदी सावकाश पाणी सोडा, पृष्ठभागावर चकाकी येईपर्यंत. (घाईने ओतलं तर हवा आत अडकते आणि आकडा चुकतो.) अर्धा तास थांबा, पातळी उतरली तर आणखी घाला. मग कुंडी घमेल्यावर धरून पट्टी काढा आणि थेंब थांबेपर्यंत, साधारण तासभर, निथळू द्या.

निथळलेल्या पाण्याची जागा आता हवेने घेतली. समजा २ लिटरमधून १६० मिलि निघालं, तर हवा ८ टक्के. निथळलेल्या मिश्रणाचं कुंडी वगळून वजन करा. मग कागदावर पसरून, वजन उतरायचं थांबेपर्यंत उन्हात वाळवा. ओलं १८४० ग्रॅम आणि वाळलेलं ४४० असेल, तर पाणी १४०० मिलि, म्हणजे ७० टक्के. हवा आणि पाणी मिळून सच्छिद्रता ७८ टक्के. वाळलेलं वजन भागिले आकारमान, म्हणजे दर मिलिलिटरला ०.२२ ग्रॅम, ही घनता.

बहुतेक कुंड्यांसाठी हवा १० ते ३० टक्के आणि पाणी ४५ ते ६५ टक्के ठीक. म्हणजे वरचं मिश्रण उन्हाळ्यात कसंबसं चालेल, पण आठ-आठ दिवस न उघडणाऱ्या कोकणातल्या पावसात मुळं गुदमरतील.

उपाय म्हणून लोक मूठभर पर्लाइट टाकतात. त्याने काही होत नाही. शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे ते दाणे कोकोपीटमध्ये सुटे तरंगतात. जाड दाणे एकमेकांना टेकू लागले की मगच त्यांच्यामध्ये मोठ्या फटी उरतात. तेव्हा पर्लाइट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे एकतृतीयांशाने घालून बघा, आणि पुन्हा मोजा.

मोजणी ज्या उंचीच्या कुंडीत लावणार, त्याच उंचीच्या कुंडीत करा. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरा, टपकणं थांबलं की उभा करा. आणखी पाणी गळेल. कुंडीच्या तळाशीही पाण्याचा असाच एक थर अडकून राहतो आणि त्याची जाडी मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. उथळ ट्रेमध्ये तोच थर निम्मी जागा खातो. तळाशी विटांचे तुकडे घातले तर तो थर नुसता वर सरकतो, उरलेली कुंडी आणखी उथळ होते. भोकावर एखादी खापरी ठेवा, पुरे.

वर्षभरात खत कुजून बारीक होतं आणि मिश्रण बसतं. मृगाच्या आधी एक जुनी कुंडी रिकामी करून तिचीही हवा मोजून बघा.