कातळावरची गोगलगाय मेलेली नसते: पुण्याहून समुद्रावर जाताना या चुका टाळा

शनिवारी पहाटे पुणं सोडायचं, ताम्हिणी उतरून दुपारी हरिहरेश्वर गाठायचं आणि जेवण झालं की थेट खडकांवर. आमचीही पहिली सहल अशीच झाली. भर उन्हात काळ्या कातळाच्या खाचांमध्ये वाटाण्याएवढे राखाडी शंख चिकटलेले दिसले. लेकीने विचारलं, "आई, हे मेलेत का?" मी हो म्हणाले. ते चुकीचं होतं.

ही गोगलगाय भरतीच्या रेषेवर, फक्त तुषार पोचतात अशा जागी राहते. ऊन तापलं की ती अंग आत घेते, पायावरच्या झाकणाने दार लावते आणि शंखाची कड चिकट स्रावाने दगडाला डकवते. तापलेल्या दगडाला तेवढी कडच टेकते, त्यामुळे उष्णता कमी लागते आणि आतला ओलावा टिकतो. अशी ती कित्येक दिवस काढू शकते. पहिली चूक म्हणजे तिला नखाने उचकटणं: तो डकवलेला आधार तुटतो आणि ती घरंगळून भलत्याच जागी पडते.

दुसरी चूक दयेपोटी होते: "तहानली असेल" म्हणून डबक्यात टाकणं. थोड्या वेळाने ती चढून बाहेर येते. ही हवेतही श्वास घेणारी आहे, सतत पाण्याखाली राहणं तिला मानवत नाही.

तिला चालताना पाहायचं तर वेळ साधा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर पाणी उतरू लागलं, दगड ओले आहेत, तेव्हा ती खरवडत निघते. दगडावरचा शेवाळाचा पातळ थर हेच तिचं जेवण, आणि आपण घसरतो तोही त्याच्यावरूनच. हरिहरेश्वरच्या देवळाभोवतीच्या, समुद्राकाठच्या खडकांवरून जाणाऱ्या प्रदक्षिणामार्गावर मात्र अंदाजाने जाऊ नका, गावात विचारूनच उतरा.

रिकामे शंखही तिथेच असू द्या, साधू खेकड्यांना घर म्हणून ते लागतात. निमुळता, शंकूसारखा शंख तर हातातच घेऊ नका. त्यातला जीव विषारी दंश करू शकतो.

सर्वात वाईट चूक म्हणजे बाटलीत भरून घरी आणणं. नळाचं पाणी तिला मारक असतं, आणि त्यात मीठ कालवल्याने समुद्र होत नाही. झाकण बंद करून ती चार दिवस तग धरते, म्हणून "छान राहिलीय" असं वाटतं. आमच्या घरी पाचव्या दिवशी वास आला. मुलं रडली, आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आणलीच असेल तर मुठा नदीत किंवा पाषाण तलावात सोडू नका, ते गोडं पाणी आहे. हवा खेळेल अशा डब्यात कोरडीच ठेवा, सावलीत, आणि जमेल तितक्या लवकर त्याच किनाऱ्यावर, त्याच उंचीच्या खाचेत नेऊन ठेवा. परतीच्या वाटेवर माणगावपर्यंत आल्यावर लक्षात आलं तर तिथूनच गाडी वळवा.