कपडे धुण्याची पावडर घरच्या घरी

या पावडरीसाठी दोनच वस्तू लागतात: कपडे धुण्याच्या साध्या साबणाची 200 ग्रॅमची वडी आणि तेवढाच धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा बराच सौम्य असल्याने तो येथे उपयोगाचा नाही. वडी किसून कीस दोन दिवस सावलीत पसरून ठेवावा. चिमटीत चुरडल्यावर तो बोटांना न चिकटता कुडकुडीत मोडला, की वाळला असे समजावे. घाई करून ओलसर कीस मिक्सरमध्ये फिरवला, तर पावडरीऐवजी गोळाच हाती येतो. सोडा त्वचेला झोंबतो, म्हणून तो हातमोजे घालूनच मिसळावा आणि डबा मुलांपासून दूर ठेवावा.

सोड्याचे खरे काम जड पाण्यात दिसते. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो व तोच कपड्यांवर राखाडी थर होऊन बसतो. सोडा हे क्षार आधीच बाजूला काढतो. तरीही पाणी फारच जड असेल, तर माझ्या मते ही पावडर वापरू नये. एरवी दोन चमचे पावडर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच कपडे भिजवावेत. लोकरी आणि रेशमी कपड्यांचे तंतू मात्र सोड्याने खराब होतात, त्यामुळे ते यात कधीही धुऊ नयेत.