क्यू आला की घाबरायचं नाही

रविवारी जेवणं उरकली की आमच्याकडे स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या लावून इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, पट निघतो. भाच्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा फर्डं, तरी हरतो. लांबलचक शब्द जुळवत बसतो ना! मी दोन-तीन अक्षरी शब्द पाठ केलेत.

आधी क्यू. १०० सोंगट्यांत तो एकच, १० गुणांचा. यू मिळेना म्हणून लोक शेवटपर्यंत धरून बसतात. त्याला नुसता आय जोडा: 'ची', चिनी विचारातली प्राणशक्ती. पटावर असा आय शोधा, ज्याच्या डोक्यावरचं घर रिकामं आणि अक्षराचे गुण तिप्पट करणारं आहे. तिथे क्यू ठेवा, उजवीकडे हातातला आय लावा. क्यूचे ३० नि आयचा १: आडवे ३१, उभे ३१, झाले ६२! भाचा दोनदा बेरीज करून बघत होता.

एक्सला यू लावा, व्हिएतनामचं नाणं होतं. तिथल्या डोंग या चलनाचा शंभरावा भाग. झेड-ए म्हणजे पिझ्झा. मला हे मुळीच पटत नाही, पण गुण कोण सोडणार? स्वरच स्वर आलेत? ए-ए हा खडबडीत लाव्हा, शब्द हवाईचा. ए-आय म्हणजे तीन नख्यांचा स्लॉथ, झाडावर राहणारा संथ प्राणी. स्वर एकही नसेल तर सी-डब्ल्यू-एम, उच्चार 'कूम': वेल्शमधून आलेली, डोंगरातली वाटीसारखी दरी. आणि जी-एच-आय म्हणजे आपलं तूप, ते पाठ करावं लागलं नाही.

चालणाऱ्या शब्दांची यादी कुठली, ते मात्र आधीच ठरवा. सी-एच ब्रिटिश यादीत चालतो, अमेरिकी यादीत नाही. त्यावरून आमच्याकडे चहा गार झालाय.